जुना डीव्हीडी प्लेयर, नवा रुंद टीव्ही : दसरा ते भाऊबीज कामाच्या नोंदी

आमच्याकडे घरगुती समारंभांच्या चार डिस्क आहेत. त्यांपैकी दोन आत्याच्या १९९६ सालच्या लग्नाच्या. मूळ शूटिंग व्हीएचएस कॅसेटवरचं. २००७ मध्ये ते डिस्कवर उतरवून घेतलं आणि त्याच वर्षी प्लेयर घेतला. माझी आजी चालताना, बोलताना दिसते ती फक्त या दोन डिस्कवर. बडोद्याची आत्या भाऊबीजेला येणार होती आणि तिला ते लग्न बघायचं होतं. म्हणजे हातात तीन आठवडे होते. ज्यांच्या घरी असाच प्लेयर कपाटात पडला आहे, त्यांच्यासाठी रोज काय झालं ते लिहून ठेवलं.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

त्रेचाळीस इंची 4के टीव्ही घरी आला. बसवायला आलेला मुलगा जुना २१ इंची काचेचा टीव्ही एक्स्चेंजमध्ये लगेच घेऊन गेला. पहिली चूक इथेच झाली. नव्या टीव्हीवर प्लेयर चालतो हे पाहिल्याशिवाय जुना टीव्ही द्यायला नको होता. पुढे प्रत्येक अडचणीत दोष प्लेयरचा, वायरचा की टीव्हीचा, हे ताडून बघायला माझ्याकडे दुसरा पडदाच उरला नाही.

संध्याकाळी पूजा झाल्यावर बाबांनी प्लेयर काढला. त्याच्या मागे पिवळं-पांढरं-लाल सॉकेट, हिरवं-निळं-लाल सॉकेट, एस-व्हिडिओ आणि एक नारिंगी डिजिटल आवाजाचं. एचडीएमआय नाही. टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय, दोन यूएसबी, अँटेना, ऑप्टिकल. तीन रंगांची सॉकेट कुठेच नाहीत. बसवणारा मुलगा जाता जाता सांगून गेला होता, "काका, यावर ते जुनं काही चालत नाही." बाबा काही बोलले नाहीत. प्लेयर पुसून टेबलावर ठेवला आणि झोपायला गेले.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उजेडात टीव्हीचं मागचं अंग नीट पाहिलं. कडेला हेडफोनच्या भोकासारखं एक बारीक भोक, शेजारी लिहिलेलं 'एव्ही इन'. म्हणजे सोय आहे. तिन्ही रंगांचे सिग्नल त्या एका ३.५ मिलिमीटरच्या भोकातून आत जातात. मात्र त्याला लागणारी वायर खोक्यात दिलेली नव्हती.

घरात जुन्या हँडिकॅमची तशीच वायर होती : एका टोकाला तीन काळ्या रेघांची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल. लावली. पडद्यावर करड्या पट्ट्या पळायला लागल्या आणि स्पीकरमधून जोरात घरघर. चित्राचा पत्ता नाही. रंग उलटसुलट करून पाहिले. तीन पिनांच्या सहाच जोड्या होतात, त्या सहाही झाल्या. पिन अर्धवट बाहेर ओढूनही पाहिली. तीन तास गेले.

मधल्या वेळात नारिंगी सॉकेटमधून टीव्हीच्या ऑप्टिकलमध्ये काही करता येईल का, असंही डोक्यात आलं. सोडून द्या. टीव्हीचं ऑप्टिकल हे आवाज बाहेर काढायचं दार आहे, आत घ्यायचं नाही. शिवाय त्यातून चित्र जात नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसमधून येताना मैत्रिणीकडून मल्टिमीटर आणला आणि कोडं दहा मिनिटांत सुटलं.

बारीक पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे चार तुकडे : टोक, पहिली कडी, दुसरी कडी आणि बूड. तीन तुकडे सिग्नलचे, चौथा अर्थचा, म्हणजे तिन्ही सिग्नलांच्या सामाईक परतीच्या तारेचा. कोणता तुकडा कशाचा याला एकच नियम नाही, कंपनीगणिक बदलतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक काडी पिवळ्या पिनेच्या बाहेरच्या गोल पत्र्याला लावायची आणि दुसरी त्या चार तुकड्यांना एकेक करून. जिथे बीप होईल तो अर्थ. तिन्ही रंगीत पिनांचा बाहेरचा पत्रा आतून एकच असतो. माझ्या वायरीत अर्थ बुडाला निघाला. टीव्हीच्या पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे तो दुसऱ्या कडीवर हवा.

हे कळलं नसतं तर मी आणखी दोन दिवस रंग बदलत बसले असते. सिग्नलच्या तुकड्यांची अदलाबदल झाली असेल तर रंगीत पिना फिरवून काम होतं. अर्थच चुकला असेल तर कितीही फिरवा, होत नाही. ती वायर बाजूला ठेवायची.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "सेटटॉप बॉक्सची पाहिजे की टीव्हीची?" दिसायला दोन्ही सारख्याच. पुस्तिकेतल्या चित्राचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो दाखवला. त्यांनी स्वतःच मीटर लावून अर्थ दुसऱ्या कडीवर असलेली वायर काढून दिली. १२० रुपये. जाताना फोटो न्याच. तोंडी सांगून भलतीच वायर गळ्यात पडते.

या वायरीत अर्थ जागेवर होता, पण चित्र आणि उजवा आवाज यांची जागा टीव्हीच्या उलट होती. म्हणून वायरीची लाल पिन प्लेयरच्या पिवळ्या सॉकेटमध्ये गेली आणि पिवळी लाल सॉकेटमध्ये. पांढरी पांढऱ्यात. रंग जुळत नाहीत हे पाहून कोणीतरी नंतर 'दुरुस्त' करणार, म्हणून दोन्ही पिनांना कागदी पट्टी चिकटवून त्यावर 'चित्र' आणि 'उजवा' असं लिहिलं.

चित्र आलं, पण काळं-पांढरं. तासभर पुन्हा वायरीवरच संशय घेतला, तो वेळ वाया गेला. कारण साधं होतं : एनटीएससी आणि पाल या टीव्ही सिग्नलच्या दोन रंगपद्धती; प्लेयर एनटीएससीवर होता आणि टीव्हीत एव्हीसाठीची रंगपद्धत पालवर अडकली होती. प्लेयरच्या रिमोटवर 'व्ही-मोड' नावाचं बटण आहे, धाकटा दुपारी ते दाबत बसला होता. टीव्हीची रंगपद्धत 'ऑटो' केली आणि प्लेयरमध्येही 'ऑटो' ठेवलं. प्लेयर कायमचा पालवर ठेवू नका. आपल्याकडचं घरगुती शूटिंग पालमध्ये असतं, पण दुकानात मिळणाऱ्या हिंदी सिनेमांच्या कितीतरी डिस्क एनटीएससीच्या असतात. ऑटोवर ठेवलं की प्लेयर डिस्कप्रमाणे बदलतो.

रात्री नऊला रंग आले. मसाल्याचं दूध तसंच ठेवून सगळे समोर बसले. मांडव, सनई, बायकांची गडबड, आणि दाराशी आजी. बाबा पुढे सरकले, बघत राहिले, मग म्हणाले, "ही आई नाही वाटत गं. आई एवढी रुंद नव्हती."

आजी उभट चेहऱ्याची, काटक बाई होती. पडद्यावर तिचे गाल पसरले होते, खांदे पैलवानासारखे दिसत होते. मला हा दोष डोळ्यांनी दिसला होता, पण रंग आल्याच्या आनंदात मी तो मनावर घेतला नव्हता. बाबांच्या त्या एका वाक्याने कामाचा रोख बदलला. चित्र आलं एवढं पुरेसं नव्हतं. आजी आजीसारखी दिसायला हवी होती.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

जुना टीव्ही ४:३ आकाराचा, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. नवा १६:९. लग्नाचं चित्र ४:३ मध्ये काढलेलं आहे. नवा टीव्ही ते ओढून कडेपर्यंत भरतो, म्हणून प्रत्येक गोष्ट एक तृतीयांश जास्त रुंद होते.

डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नव्हता, म्हणून मोजायला काहीतरी गोल शोधलं. मंगल कार्यालयाच्या भिंतीवर घड्याळ आहे आणि कॅमेरा एकदा त्याच्यासमोर सरळ येतो. तिथे चित्र थांबवून शिवणाच्या टेपने पडद्यावरच मोजलं : रुंदी १६ सेंटिमीटर, उंची १२. सोळा भागिले बारा म्हणजे बरोबर चार तृतीयांश. मग टीव्हीत सेटिंग, चित्र, चित्राचा आकार असं जाऊन ४:३ केलं आणि परत मोजलं. बारा आणि बारा. ही परीक्षा प्रत्येकाने करावी. घड्याळ नसेल तर बाजूने दिसणाऱ्या गाडीची चाकं चालतात. मांडीवरचं ताट नको, ते तिरकं दिसतं.

काही टीव्हींमध्ये हा पर्याय रिमोटच्या वेगळ्या बटणावर असतो, काहींत प्लेयर चालू असतानाच दिसतो. आमच्याकडे एव्ही निवडून चित्र चालू केल्यावरच तो उमटला, आधी फिकट होता. 'झूम' आणि 'वाइड झूम' हे पर्याय मी वापरून सोडून दिले. एक डोकी कापतो. दुसरा मधला भाग बरा ठेवून कडा ताणतो, त्यामुळे कॅमेरा फिरला की कडेची माणसं पसरतात आणि मध्ये आली की बारीक होतात. आजी बहुतेक वेळा कडेलाच उभी आहे.

घरात यावर वाद झाला. आईचं म्हणणं, एवढा मोठा टीव्ही घेतला आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. तिचं वाईट वाटणं खरं होतं, पैसे तिनेही साठवले होते. मी कागदावर गणित करून दाखवलं. आपल्या पडद्याची उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर. त्या उंचीचं ४:३ चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर पस्तीस इंच भरतं. जुना अख्खा टीव्ही एकवीस इंची होता. म्हणजे पट्ट्या धरूनही आजी आधीपेक्षा कितीतरी मोठी दिसते. आईने तो कागद फ्रिजवर लावला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आकार सुटला, पण चित्राच्या कडांवर रंगीत ठिपके सरकत राहतात, विशेषतः लाल शालूच्या काठावर. पिवळ्या पिनेतून प्रकाश आणि रंग एकाच तारेतून येतात, त्याचा हा दोष. एचडीएमआयने सुधारेल अशी आशा धरली आणि सिग्नल बदलून देणारी डबी घाईत ऑनलाइन मागवली. ४४९ रुपये.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आलेली डबी उलट्या दिशेची. ही एचडीएमआयकडून एव्हीकडे नेते; मला एव्हीकडून एचडीएमआयकडे हवी होती. दोन्ही डब्या सारख्याच दिसतात, नावात फक्त शब्दांचा क्रम उलटा. बघायची खूण अशी : डबीवर तीन रंगांच्या सॉकेटशेजारी 'इनपुट' आणि एचडीएमआयशेजारी 'आउटपुट' लिहिलेलं हवं. परत पाठवली, पैसे मिळाले, चार दिवस मात्र गेले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

योग्य दिशेची डबी आली, ५९९ रुपये. तिला पाच व्होल्टची यूएसबी वीज वेगळी द्यावी लागते; ती टीव्हीच्या यूएसबीतून घेतली. चित्र लगेच आलं. पण ही डबी आत आलेलं कुठलंही चित्र ताणून १६:९ करते आणि मगच पुढे देते. टीव्हीच्या दृष्टीने आता ते खरोखरच रुंद चित्र आहे. आमच्या टीव्हीत एचडीएमआयवर ४:३ चा पर्यायच उघडत नाही. घड्याळ परत सोळा आणि बारा. डबीवर ७२० आणि १०८० असं एक बटण आहे, त्याने आकारात काही फरक पडत नाही. सरकते ठिपकेही गेले नाहीत, कारण प्लेयरकडून डबीपर्यंत सिग्नल त्याच पिवळ्या तारेतून येतो. बिघाड आधीच झालेला असतो, डबी तो फक्त पुढे नेते.

ज्यांच्या टीव्हीत एचडीएमआयवर ४:३ करता येतं, त्यांना ही डबी चालेल. विकत घेण्याआधी तेवढं तपासा. बारीक भोकच नसेल तर बहुधा अशाच डबीकडे वळावं लागतं. मी ती कपाटात ठेवली आणि परत वायरीवर आले.

याच रात्री आणखी एक चूक केली. प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'पी-स्कॅन' (प्रोग्रेसिव्ह स्कॅन, म्हणजे अर्धं-अर्धं न पाठवता पूर्ण चित्र एकदम पाठवणं) दिसलं, चित्र सुधारेल म्हणून चालू केलं. पडदा काळा. पी-स्कॅन फक्त हिरव्या-निळ्या-लाल सॉकेटमधून निघतो, पिवळ्यातून नाही. आता सेटिंग परत फिरवायला पडद्यावर मेन्यूच दिसेना. प्लग काढून रात्रभर ठेवला, उपयोग झाला नाही. सेटिंग आत जपलेलं असतं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

व्ही-मोडचं बटण फिरवत राहिलं की ते पी-स्कॅनवरून उतरतं, हे प्लेयरच्या पुस्तिकेत सापडलं. पण धाकट्याने दाबून दाबून त्या बटणाचं रबर बसलं होतं. बाजारातून त्याच जातीचा रिमोट आणला, १५० रुपये. डिस्क काढून टाकली, व्ही-मोड दाबायचं, पाच सेकंद थांबायचं, परत दाबायचं. तिसऱ्या दाबाला प्लेयरचं निळं चित्र आलं. मला बरं वाटायला वेळ लागला. आत्या यायला नऊ दिवस राहिले होते आणि एक संध्याकाळ नुसती काळ्या पडद्यासमोर गेली होती.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दुसरी डिस्क प्लेयर घेईना. 'नो डिस्क'. पहिलीही आता दोनदा ढकलल्यावर वाचतो. गाण्यांच्या सीडी मात्र बिनतक्रार वाजतात. सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी आतले लेसर वेगळे असतात, एक ७८० नॅनोमीटरचा आणि एक ६५० चा, त्यामुळे एक थकला आणि दुसरा धडधाकट असं होऊ शकतं. पण डीव्हीडीवरचे खड्डे फार बारीक असतात, भिंगावर थोडी धूळ बसली तरी आधी तिचीच वाचनं बंद होतात. म्हणून लेसर गेला म्हणायच्या आधी साफ करून बघायचं.

प्लग काढला. काढल्यावरही अर्धा तास थांबले, आणि उघडल्यावर वीज येते त्या बाजूच्या पट्टीला हात लावला नाही. तिथे २३० व्होल्ट येतात आणि मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून ठेवतो. मुलांना खोलीबाहेर पाठवून दार लावलं. वरचा पत्रा सहा स्क्रूंचा. भिंग बारक्या मण्याएवढं असतं, स्प्रिंगवर तरंगतं. कानाच्या काडीला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, तोही टिपून, आणि भिंगावर न दाबता दोन-तीन हलके गोल. दोन मिनिटं वाळू दिलं. काडीवर करडा डाग आला, सतरा वर्षांची धूळ. बाटली १४० रुपये. सेंट किंवा सॅनिटायझर वापरू नका, ते मागे थर ठेवतात.

ट्रेही अडखळत होता. आतलं रबरी बेल्ट लोंबलेलं होतं. तात्पुरतं गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून वाळवून बसवलं, ते चाललं. नवं तपकीर गल्लीत ३० रुपयांना मिळालं, तेही बसवलं. जुनं मोजायला सोबत न्या, व्यास थोडा जरी कमी पडला तरी ट्रे बाहेर येताना अडकतो.

जोडून पाहिलं. पहिली डिस्क पहिल्या झटक्यात. दुसरीही. मुंजीची तिसरीही.

२७ ऑक्टोबर, रविवार

दुसरी डिस्क एक तास बारा मिनिटांवर गोठते. चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो, आणि बोटं नेमकी तिथेच लागतात. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसताना मधून बाहेर सरळ रेषेत, गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या रेषेबरोबर जातो आणि प्लेयरला सावरता येत नाही. आडवा गेला तर तो उडी मारून पुढे जातो. शेजारच्या काकांनी टूथपेस्ट सुचवली होती. ती मी लावली नाही. एकच डिस्क आहे.

धुतल्यावर ती एक तास सव्वीस मिनिटांपर्यंत गेली. नेमका निरोपाचा भाग. आजी तिथे बोलते.

म्हणून मग कॉपी करायचं ठरवलं. मैत्रिणीच्या भावाकडे डीव्हीडीवाला जुना लॅपटॉप होता, त्यावर लिनक्स. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो वाचण्यासारखा भाग आधी उचलतो आणि अडलेल्या जागी नंतर परत परत जातो. अडलेल्या जागीच थांबून राहत नाही, हा त्याचा फायदा. दुपारी दोनला लावला. पहिल्या वाचनात जवळजवळ सगळं आलं, उरलेल्या तुकड्यांवर तो रात्री अकरापर्यंत चालला. शेवटी दोन लहान जागा राहिल्या. त्या एकेक सेकंदाच्या आहेत आणि निरोपात नाहीत. मी तिथेच खुर्चीत बसून तो भाग सलग पाहिला. पहिली डिस्कही लगेच उतरवली, ती पाऊण तासात झाली.

ज्यांच्याकडे अशी डिस्क आहे त्यांनी वायरीच्या आधी हे करावं. मी पंधरा दिवस ती डिस्क प्लेयरमध्ये ढकलत राहिले, ते उलटं होतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

टीव्हीचं चित्र नीट लावलं. दुकानातून येताना टीव्ही भडक लावलेला असतो. पालच्या डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. या टीव्हीत ३८४० गुणिले २१६० ठिपके आहेत, बरोबर वीसपट. एका ठिपक्याचे वीस करताना टीव्ही जे भरतो त्यात धार वाढवली तर चेहऱ्याभोवती पांढरी कड येते. धार शून्याजवळ आणली, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद केला, रंग थोडे उतरवले. सोफा तीन पावलं मागे घेतला. बाकी कुठल्याही सेटिंगपेक्षा सोफा मागे घेतल्याचा फायदा जास्त.

चित्राच्या तळाला एक बारीक पट्टी सतत थरथरते. आई म्हणाली, हे आधी नव्हतं. होतं. व्हीएचएसच्या यंत्रात टेप वाचणारं एक हेड सोडून दुसऱ्यावर जाताना तळाच्या काही रेषा विस्कटतात. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवायचे, म्हणून सत्तावीस वर्षांत कोणाला दिसलं नाही. मूळ कॉपीला हात लावला नाही. पेन ड्राइव्हसाठी जी वेगळी फाइल केली, तिच्यात फक्त तळाच्या बारा रेषा कापल्या आणि ४:३ आकार तसाच ठेवला. ती फाइल टीव्हीच्या यूएसबीतून लावली तर टीव्ही स्वतःहून योग्य आकार देतो. तरी डिस्क प्लेयरवरच लावायची असं बाबांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. ट्रे बाहेर येतो, डिस्क ठेवली जाते, घरातले जागा धरतात.

३० ऑक्टोबर, बुधवार

मुंजीची डिस्क २०१२ ची, शूटिंग रुंद. ती चारी बाजूंना काळ्या चौकटीत दिसत होती. प्लेयरमध्ये 'टीव्हीचा प्रकार' अजून ४:३ होता, जुन्या टीव्हीच्या वेळचा. तो १६:९ केला. आता रुंद डिस्कला टीव्ही १६:९ वर, लग्नाच्या डिस्कला ४:३ वर. टीव्हीने हे आपणहून ओळखावं अशी खूण पालच्या सिग्नलमध्ये पाठवता येते, पण आमच्याकडे ती कामाला आली नाही. रिमोटने बदलायचं.

आवाजासाठी एक मधला रस्ता : पांढऱ्या-लाल जोडीचे दोन फाटे करणाऱ्या पिना ६० रुपयांना मिळाल्या, एक फाटा जुन्या डेकला दिला. सनई भरून आली. पण टीव्ही चित्र तयार करायला क्षणभर घेतो, त्यामुळे डेकचा आवाज ओठांच्या आधी येतो. टीव्हीवर 'गेम मोड' लावल्यावर अंतर जवळजवळ गेलं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

ओवाळणी झाली, जेवणं झाली, साडेतीनला डिस्क लावली. आत्या जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ बसली. सोफ्यावर ये म्हटलं तरी आली नाही. दाराशी आजी दिसली तेव्हा ती बाबांकडे वळून म्हणाली, "दादा, आईच्या हातात माझी पिशवी आहे बघ. मला वाटत होतं ती हरवली म्हणून." एवढं जुन्या टीव्हीवर कधी दिसलं नव्हतं.

निरोपाचा भाग पेन ड्राइव्हवरून लावला. आजी म्हणते, "पोचल्यावर पत्र टाक." आत्याने तो तीनदा मागे नेऊन ऐकला. चित्र थांबवून ठेवलं तर ते थरथरत होतं, कारण दोन अर्धी चित्रं एकमेकांत विणलेली असतात; एक टप्पा पुढे सरकवल्यावर स्थिर झालं. तिथे बाबा उठून पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ उभे राहिले.

४ नोव्हेंबर, सोमवार

खर्च : वायर १२०, डबी ५९९ (वापरात नाही), रिमोट १५०, अल्कोहोल १४०, बेल्ट ३०, फाट्याच्या पिना ६०. एकूण १०९९ रुपये. डबी नसती तर पाचशेत झालं असतं.

टीव्हीच्या मागे कागद चिकटवला आहे : लाल पिन पिवळ्यात, पिवळी लाल सॉकेटमध्ये. पी-स्कॅन लावू नये. लग्न ४:३, मुंज १६:९. आत्या जाताना दोन्ही डिस्कच्या कॉपीचा पेन ड्राइव्ह घेऊन गेली. बडोद्याच्या तिच्या टीव्हीवर आकार कुठून बदलायचा ते तिच्या सुनेला संध्याकाळी फोनवर सांगायचं आहे. चौथी डिस्क, बारशाची, अजून कॉपी व्हायची आहे. त्यासाठी लॅपटॉप शनिवारी पुन्हा मागितला आहे.